बियाण्याची शाळा : सोयाबीनची उगवण फसलेल्या एका गावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावरील एका कोरडवाहू गावातले आहे. गावाचे, माणसांचे आणि विक्रेत्यांचे नाव दिलेले नाही. ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. काळ २०२० च्या खरिपापासून २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंतचा. प्रस्तुत लेखक त्या काळात तालुक्यातील एका लहान संस्थेत शेती-प्रशिक्षणाचे काम पाहत होता आणि गावातील महिला बचत गटांच्या ग्रामसंघाशी संस्थेचा आधीपासून संबंध होता.

गावाची जमीन मध्यम ते हलकी, विहिरी मोजक्या आणि त्यांना पाणी बहुतेक वर्षी जेमतेम माघापर्यंत. पूर्वी येथे खरिपात मूग, उडीद, तूर आणि रब्बीत शाळू अशी पिके असत. गेल्या दोन-अडीच दशकांत सोयाबीनने ही सगळी जागा घेतली, कारण शंभर-एकशेदहा दिवसांत पीक निघते, मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) लगेच पैसा होतो आणि रान हरभऱ्याला मोकळे मिळते. याचा एक परिणाम असा की, ज्या घरात पूर्वी वर्षाची डाळ घरच्या शेतातून येई, त्या घरात ती दुकानातून येऊ लागली. दुसरा परिणाम कमी बोलला जातो. ज्वारीचे, तुरीचे बी निवडणे, राख लावून ते जपणे, पेरणीच्या आधी बाहेर काढणे हे काम घरातल्या बाया करीत आणि त्यातले बरेवाईट त्यांना कळत असे. सोयाबीन मात्र गावात आले तेच पिशवीतून. त्याच्या बियाण्याचे घरगुती ज्ञान या गावात कधी तयारच झाले नाही.

वास्तविक सोयाबीन हे स्वपरागसिंचित, म्हणजे फुलातल्या स्वतःच्याच परागाने बी धरणारे, पीक आहे. जेएस ३३५ किंवा परभणी कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१ यांसारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचे प्रमाणित बियाणे एकदा घेतले की त्यापासून निघालेले बी पुढचे दोन-तीन हंगाम पेरता येते. ही गोष्ट कृषी सहायकांनी गावात अनेकदा सांगितली होती. ऐकणाऱ्यांना ती पटतही असे. तरीही मृगाच्या तोंडावर बहुतेक घरांत नवी पिशवी येई, आणि घरचे सोयाबीन दिवाळीपूर्वीच आडतीवर गेलेले असे.

अडचण

२०१९ च्या ऑक्टोबरमधील पावसाने राज्यभरात काढणीला आलेले सोयाबीन भिजले होते आणि त्यात बियाण्याचे प्लॉटही सापडले होते. त्याचा हिशेब २०२० च्या जूनमध्ये चुकता झाला. मृगाचा पाऊस चांगला पडला, पेरण्या आटोपल्या आणि आठवडा उलटला तरी तासे (पेरणीच्या ओळी) भरून आली नाहीत. माती उकरल्यावर कुठे दाणा कुजलेला, कुठे फुगून फाटलेला दिसत होता. मराठवाड्यातून इतक्या तक्रारी आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. आमच्या गावातही तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीचे लोक आले, पंचनामे झाले.

पंचनाम्यांतून एक अवघड गोष्ट पुढे आली. काही शेतांत बियाणे निकृष्ट होते यात शंका नव्हती. परंतु काही शेतकऱ्यांनी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याची वाट न पाहता पेरणी केली होती आणि काहींचे बी ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने तीन-चार सेंटिमीटरऐवजी बरेच खोल गेले होते. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकाच कंपनीचे बियाणे, एक रान भरून आलेले आणि दुसरे उघडे, असे दृश्य असल्यावर दोष कोणाचा हे ठरवणे कठीण होते. भरपाईची चर्चा त्यामुळे लांबत गेली आणि तिच्यात राग वाढत गेला. दुबार पेरणीचा खर्च ज्याने त्याने उसनवारीवर भागवला.

जुलैअखेर ग्रामसंघाच्या बैठकीत हप्त्यांचा विषय चालू असताना एका वयस्क सदस्येने मध्येच म्हटले, “तक्रार करायची तर करा बाई, पर पुढल्या साली पेरायचं काय त्ये आत्ताच ठरवा. रोहिण्या लागल्यावर ठरवून काय उपेग?” पुढचे काम या वाक्यापासून सुरू झाले असे म्हणता येईल. भरपाई मागणे हा एक प्रश्न होता आणि पुढच्या वर्षीचे बियाणे हा दुसरा. तोवर दोन्ही एकातच गुंतले होते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सर्व बळ भरपाईच्या पाठपुराव्यावर लावण्याचा होता. गावातील बहुतेक पुरुष मंडळींचा कल तिकडे होता. दुसरा, ग्रामसंघाच्या नावाने पुढच्या वर्षी एकत्रित बियाणे खरेदी करण्याचा. यात पैसे थोडे वाचले असते, पण पिशवी उघडेपर्यंत आत काय आहे हे न कळण्याची मूळ अडचण तशीच राहिली असती.

तिसरा पर्याय पूर्ण शेतीशाळेचा. पीकभर ठरावीक दिवशी शेतकऱ्यांनी शेतातच जमायचे, झाड, कीड, मित्रकीटक पाहायचे, मोजायचे आणि आपसात बोलून निर्णय घ्यायचा, ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भाताच्या कीड नियंत्रणासाठी सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पोहोचली. आपल्याकडे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने मराठवाडा-विदर्भातील गावांत तिचा मोठा वापर केला. आमचे गाव त्या प्रकल्पाच्या यादीत नव्हते. मशागतीपासून काढणीपर्यंतचे सगळे विषय घ्यायचे तर आमच्याकडे तितकी माणसे नव्हती. शिवाय एक जुना अनुभव होता. गावात यापूर्वी झालेल्या प्रशिक्षणांत बीजप्रक्रिया, रुंद वरंबा सरी, सापळे, माती परीक्षण, सगळे एका दुपारी सांगितले जाई; चहा होई, फोटो निघे आणि त्यातले नेमके काय कोणी करून पाहिले हे पुढे कोणी विचारीत नसे.

चौथा पर्याय सोयाबीनचे क्षेत्रच कमी करण्याचा. याच भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिलांसाठी घरच्या रानातला एखादा एकर वेगळा काढून त्यात कडधान्ये, भाजीपाला, तृणधान्ये अशी खाण्याची पिके घेण्याचे काम दुष्काळानंतर उभे केले होते, आणि ग्रामसंघातील दोघी-तिघींनी ते पाहिले होते. घराच्या पोषणाच्या दृष्टीने हाच पर्याय सर्वांत खोल जाणारा होता, हे माझे तेव्हाही मत होते. परंतु दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर असताना रोख पैशाचे पीक सोडायला घरातील कर्ता पुरुष तयार होणार नाही, असे बायांनी स्पष्ट सांगितले.

पाचवा पर्याय सर्वांत छोटा होता. फक्त बियाणे हा एकच विषय घ्यायचा आणि उभ्या पिकातील निवडीपासून पुढच्या जूनमधील पेरणीपर्यंत तो त्याच कुटुंबांसोबत धसास लावायचा. आम्ही हा पर्याय घेतला. त्याचे कारण असे की, यात शिकणाऱ्या प्रत्येकीला वर्षाच्या शेवटी एक खरा निर्णय घ्यायचा होता : हे बी पेरायचे की नाही. निर्णय नसलेले शिक्षण या गावाने भरपूर पाहिले होते.

कोणाला शिकवायचे

हा दुसरा निर्णय पहिल्याहून वादग्रस्त ठरला. प्रशिक्षणाची यादी सहसा सातबाऱ्यावरून होते, त्यामुळे ती पुरुषांची होते. बियाणे आणणे, पेरणी ठरवणे, माल विकणे ही कामे पुरुषांकडे आहेत, मग त्यांनाच बोलवावे, असे सरपंचांचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते. दुसऱ्या बाजूने पाहता खळ्यावरून आलेले धान्य वाळवणे, चाळणे, भरणे, कुठे ठेवायचे ते ठरवणे आणि उंदीर-भुंग्यांपासून सांभाळणे हे सगळे बाया करतात. बियाणे बिघडते ते मुख्यत्वे याच टप्प्यांवर, असे आम्ही धरले. शेवटी गट महिलांचाच ठेवावा, मात्र पहिल्या बैठकीला आणि पेरणीआधीच्या बैठकीला नवरा किंवा मुलगा यांनी सोबत यावे, असे ठरले. भत्ता द्यायचा नाही हेही तेव्हाच ठरले. त्यामुळे सुरुवातीची गर्दी लवकर ओसरली आणि उरल्या त्या बहुतेक शेवटपर्यंत राहिल्या. राज्याच्या उमेद (ग्रामीण जीवनोन्नती) अभियानातून प्रशिक्षण घेतलेली गावातली कृषी सखी हे काम चालवणार होती. आम्ही मागे राहणार होतो.

काय केले

सप्टेंबर २०२० मध्ये गट उभ्या पिकात फिरला. फुलोऱ्याचा काळ निघून गेला होता, त्यामुळे शेंगेवरची लव, पानांचा आकार, झाडाची ठेवण पाहून वेगळ्या वाणाची झाडे ओळखायची आणि बियाण्यासाठी राखलेल्या पट्ट्यातून उपटायची, एवढेच शिकायचे होते. यात बायांना कोणी शिकवण्याची फारशी गरज पडली नाही, कारण खुरपणीच्या निमित्ताने त्यांची नजर प्रत्येक तासावरून गेलेली असते. उलट एका शेतात कृषी सखीने भेसळ म्हणून दाखवलेले झाड त्याच वाणाचे आहे, फक्त बांधाच्या सावलीत वाढल्याने उंच झाले आहे, हे मालकिणीने दाखवून दिले.

ऑक्टोबरच्या मध्यावर बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने उस्मानाबाद, सोलापूर, लातूर भागाला झोडपले. ज्यांची पहिली पेरणी साधली होती त्यांचे सोयाबीन कापून बनीम (कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग) लागली होती किंवा मळणीही झाली होती. ज्यांना दुबार पेरणी करावी लागली होती त्यांचे पीक रानात उभे होते आणि ते शेंगेतच कोंब येऊन गेले. म्हणजे ज्यांना चांगल्या बियाण्याची सर्वाधिक गरज होती, नेमके त्यांच्याचकडे राखण्यासारखे काही उरले नाही. गटाने तेव्हा ठरवले की, ज्यांचे बनिमीत सुरक्षित आहे त्यांनी आपल्या गरजेहून थोडे जास्त राखावे आणि जूनमध्ये ते गटातील इतरांना त्या वेळच्या मोंढ्याच्या भावाने द्यावे. असे देणे-घेणे कायद्याला धरून आहे का, अशी शंका एका विक्रेत्याने उपस्थित केली होती. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त ते छापील नाममुद्रा लावून, पॅकबंद ब्रँड म्हणून विकता येत नाही. ही तरतूद बैठकीत वाचून दाखवल्यावर तो विषय मिटला.

साठवणुकीच्या बाबी साध्या होत्या आणि त्या लवकर अंगवळणी पडल्या. मालाची आर्द्रता बारा टक्क्यांच्या आत आणावी, प्लॅस्टिकच्या गोणीऐवजी तागाच्या पोत्यात भरावे, पोती जमिनीला व भिंतीला न टेकवता फळीवर ठेवावीत, थर उंच रचू नयेत, खताच्या शेजारी ठेवू नयेत. आर्द्रता मोजण्याचे यंत्र नव्हते. दाणा दाताखाली कट्ट करून फुटतो की चेपतो, यावरून बायांनी अंदाज बांधला. पोते डोक्यावरून धाडकन टाकू नये, ही सूचना मात्र पाळणे हमालांच्या हाती होते.

खरी कसोटी बाजाराने घेतली. सुगीत चार हजारांच्या आसपास असलेले सोयाबीन २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये क्विंटलला सात हजारांवर गेले. तोवर घरच्या बियाण्याचा मुख्य युक्तिवाद पैसे वाचतात हा होता. एकरी ३० किलो बियाणे लागते. सात हजारांच्या भावाने तेवढ्या सोयाबीनचेच २,१०० रुपये होत होते. राज्य बियाणे महामंडळाच्या (महाबीज) तेवढ्याच वजनाच्या पिशवीची किंमत तेव्हा सव्वादोन हजारांच्या आसपास होती. फरक जवळजवळ संपला होता आणि घराघरांत “विकून टाकू, पिशवी आणू” हे सुरू झाले. गटाच्या बैठकीत यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी एक हिशेब सर्वांना मान्य झाला : वाचणारे दीडशे रुपये हा मुद्दाच नाही, दुबार पेरणी टळणे हा मुद्दा आहे, आणि पिशवी मिळेल याचीही यंदा खात्री नाही. तरीही काही घरांनी बी विकले. त्यात आजारपणाचा खर्च असलेली घरे होती आणि त्यांना कोणी नावे ठेवली नाहीत.

उगवण चाचणी

मे महिन्यात चाचण्या घ्यायच्या होत्या आणि त्याच वेळी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे निर्बंध लागले होते. समाजमंदिरात एकत्र बसून दाखवण्याचा बेत सोडावा लागला. कृषी सखीने गल्लीगल्लीत, अंगणात तिघी-चौघींना अंतर ठेवून बसवून चाचणी लावली. या बदलाचा फायदा झाला, असे आता वाटते. मोठ्या सभेत एकीने लावलेली गुंडाळी बाकीच्या लांबून पाहतात. अंगणात प्रत्येकीला स्वतःची लावावी लागली.

पद्धत कृषी विभाग सांगतो तीच होती. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे आणि सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचे. सोपी दिसणारी ही कृती दोन ठिकाणी अडली.

पहिली अडचण दाणे घेण्याची. सुपात घेतलेले धान्य निवडण्याची सवय हाताला इतकी असते की, शंभर दाणे मोजताना फुटके, सुरकुतलेले दाणे नकळत बाजूला पडत आणि उत्तम शंभर दाणे गोणपाटावर जात. अशा चाचणीत उगवण चांगलीच येणार. कृषी सखीच्या हे दोन अंगणांत लक्षात आले. मग तिने नियम केला की, पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ काढायची, ती परातीत कालवायची आणि शेजारणीने डोळे मिटून दाणे उचलायचे. यावर हसणे-खिदळणे झाले, पण नियम टिकला.

दुसरी अडचण मोजण्याची. गुंडाळी उघडल्यावर एकीने शहाऐंशी आकडा सांगितला आणि कृषी सखीने तेच दाणे पाहून बासष्ट. मालकीण चिडली. तिच्या हिशेबाने मोड आला म्हणजे दाणा उगवला, आणि मटकीला तो हिशेब बरोबरही आहे. कृषी सखीने तिच्यासमोर एकेक रोप हातात धरले : याला मूळ आहे पण बीजदल फुटून निम्मे गळाले आहे, याच्या मुळाचे टोक काळे पडले आहे, याला मोड आहे पण वर कोंब सरकतच नाही. “काकू, हे गोणपाटात हाय म्हणून एवढं तरी आलं. चार बोटं मातीखालून ह्यो वर येईल का?” काकूंनी थोडा वेळ काही उत्तर दिले नाही, मग स्वतःच पुन्हा मोजायला घेतले आणि एकसष्टवर थांबल्या.

एकसष्टचे काय करायचे हे गणित नंतर गटात सोडवले गेले. सत्तर टक्के उगवणीला एकरी ३० किलो हे प्रमाण धरले, तर त्याखाली प्रत्येक टक्क्याला सुमारे अर्धा किलो बियाणे वाढवावे लागते. एकसष्टला साडेचौतीस किलो. साठच्या खाली गेले की ते बियाणे पेरायचे नाही, मोंढ्यात न्यायचे. हे गणित भिंतीवर कोळशाने लिहिलेले मी तीन-चार घरांत पाहिले.

निकाल फळ्यावर नावानिशी लिहावेत की नाही, यावर मतभेद झाला. आमच्या संस्थेतील काहींना तुलना उघड व्हावी असे वाटत होते. बायांनी नकार दिला. “आमच्या घरचं बी वाईट निघालं” ही गोष्ट भावकीत कशी फिरते, हे त्यांना आमच्याहून चांगले माहीत होते. तडजोड अशी निघाली की, स्वतः पेरणारीचा निकाल तिच्यापाशी राहील, पण जिला बी दुसऱ्याला द्यायचे आहे तिने घेणारीच्या डोळ्यांसमोर गुंडाळी उघडावी.

निष्पत्ती

२०२१ च्या जूनमध्ये गटातील निम्म्याहून अधिक घरांनी काही ना काही घरचे बियाणे पेरले. सगळे रान घरच्या बियाण्यावर टाकणारी घरे थोडी होती. बहुतेकांनी एक भाग घरचे, एक भाग पिशवीचे असे केले आणि हा सावधपणा मला योग्य वाटतो. गटातल्या ज्यांनी चाचणी केली होती त्यांपैकी कोणालाही त्या वर्षी उगवणीमुळे दुबार पेरणी करावी लागली नाही. याचे सगळे श्रेय चाचणीला देता येणार नाही. पेरणीच्या वेळी पाऊस समाधानकारक होता, आणि आदल्या वर्षीच्या अनुभवाने पुरती ओल होईपर्यंत थांबण्याची सबुरी सगळ्या गावालाच आली होती. बीजप्रक्रिया मात्र अर्धवट राहिली : बुरशीनाशक बहुतेकांनी लावले, पण रायझोबियमचे (हवेतले नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंचे) पाकीट वेळेवर उपलब्ध झाले नाही.

पुढे सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाच्या उरलेल्या प्रभावाने मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि बियाण्यासाठी राखलेले पट्टे पाण्यात गेले. सगळे काम एका हंगामाचे ठरणार, असे वाटत असताना विहीर असलेल्या काही घरांनी कृषी विभागाच्या आवाहनाप्रमाणे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळी सोयाबीन घेतले. उतारा खरिपापेक्षा कमी आला, पण बी ताजे आणि साठवणुकीचा काळ दीड-दोन महिन्यांचाच. गटाचे काम त्यामुळे चालू राहिले. मात्र त्यातली सत्ता सरकली. बी आता पाणी असलेल्या घरांकडे होते आणि कोरडवाहू घरे घेणारी झाली होती. पहिल्या वर्षी मोंढ्याच्या भावाने देण्याचे जे ठरले होते, त्याच्या वर किलोमागे काही रुपये लावण्याची मागणी तेव्हाच पुढे आली. पाणी, वीज आणि मजुरी पाहता ती गैरवाजवी नव्हती.

एक फळ अपेक्षेबाहेरचे आले. चाचणी हाताला बसल्यावर बायांनी ती तूर, मूग आणि उडदाच्या घरच्या बियाण्यावर आपणहून लावली. मुगाचे जुने बी अनेकींकडे डब्यात पडून होते. ते अजून उगवते हे कळल्यावर काही घरांनी बांधालगत, सोयाबीनच्या कडेने मुगाचे आणि तुरीचे तास टाकले. चौथ्या पर्यायाचा, म्हणजे खाण्याच्या पिकांचा, विषय अशा रीतीने मागच्या दाराने शेतात आला. त्याने वर्षाची डाळ भागली असे नाही. श्रावण-भाद्रपदातील मुगाची सोय झाली, एवढेच म्हणता येईल.

वेगळे काय करता आले असते

कमी उगवण आलेल्या पोत्यांची कारणे शोधताना पहिला संशय पावसावर गेला. तो पुरता खरा नव्हता. पावसाआधी मळणी झालेल्या काही घरांचे बीही साठच्या खाली गेले होते. दोन घरांनी बियाण्यापुरते सोयाबीन यंत्रात न घालता खळ्यावर काठीने बडवून काढले होते आणि त्याच रानातील यंत्राने काढलेल्या मालापेक्षा त्याची उगवण ठळकपणे चांगली आली. एवढ्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही, परंतु सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते, अंकुर त्याच्या लगत असतो आणि मळणीयंत्राच्या ड्रमचा वेग जास्त असला की दाणा बाहेरून अखंड दिसूनही आतून दुखावतो, हे जाणकार नेहमी सांगतात. बियाण्यासाठी हा वेग मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवावा, अशी शिफारस असते.

ही माहिती गटाला सप्टेंबरमध्येच दिली होती आणि बायांना ती पाठही होती. पण ड्रमचा वेग ठरवणारा माणूस शाळेत नव्हता. यंत्रमालक शेजारच्या गावचे, हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, मजुरी कट्ट्यामागे (पोत्यामागे). वेग कमी करणे म्हणजे दिवसाचे कट्टे कमी होणे, आणि आभाळ भरून आलेले असताना रांगेत मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही ते परवडत नाही. अशा वेळी खळ्यावर शेंगा-काड गोळा करणाऱ्या बाईने “मशीन हळू चालवा” म्हणणे आणि ते ऐकले जाणे, या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे. ज्ञान जिच्याकडे होते तिच्याकडे अधिकार नव्हता. शिकणाऱ्यांची निवड करताना आम्ही हाताळणी पाहिली, ती हाताळणी कोणत्या टप्प्यावर परक्याच्या हाती जाते ते पाहिले नाही.

हे काम नव्याने करायचे झाले तर मी तीन बदल सुचवीन. गटाची निवड सातबाऱ्यावरूनही करू नये आणि केवळ बचत गटावरूनही. दाण्याचा प्रवास कागदावर मांडून ज्याच्या ज्याच्या हातातून तो जातो त्याला एका तरी बैठकीला आणावे, मग तो यंत्रमालक असो, हमाल असो वा पेरणीयंत्र चालवणारा मुलगा. दुसरे, खाण्याच्या कडधान्यांची चाचणी सोयाबीनच्या मागून न येता सोबतच सुरू करावी, कारण त्या बियाण्यावर बायांचा हक्क घरात आधीच मान्य आहे. तिसरे, पाणी असलेली आणि नसलेली घरे यांच्यातील बियाण्याच्या दराचा करार उन्हाळी पेरणीपूर्वीच लेखी व्हावा.

यंत्रमालकांबाबत २०२२ मध्ये ग्रामसंघात एक प्रस्ताव आला होता : बियाण्याचे पहिले चार-पाच कट्टे सकाळी, रांग लागण्यापूर्वी, कमी वेगाने काढावेत आणि तेवढ्यापुरती कट्ट्यामागे जास्त मजुरी द्यावी. एका मालकाने होकार दिला, दुसऱ्याने डिझेलच्या दराकडे बोट दाखवले. जास्तीची मजुरी प्रत्येकीने आपापली द्यायची की बी घेणाऱ्या घरांनी वाटून घ्यायची, यावर लेखकाचा संबंध असेपर्यंत एकमत झालेले नव्हते.